मुक्काम आधी, वाट नंतर: अजिंठ्याच्या डोंगरात गावोगावी पायी फिरताना

आषाढीसाठी पैठणहून निघणारी नाथांची पालखी रायमोहा, पाटोदा, खर्डा, परंडा असे मुक्काम करीत, बालाघाटाचे डोंगर ओलांडून पंढरपुरास जाते. त्या दिंडीत चाललेल्या कोणालाही विचारले तर तो वाटेबद्दल फारसे बोलत नाही. मुक्काम कोठे, पाणी कोठे आणि पंगत कोणाकडे, एवढेच सांगतो. डोंगरातून चार-पाच दिवस एका गावाहून दुसऱ्या गावी चालत जाण्याचे ज्याच्या मनात असेल, त्याने पहिली गोष्ट येथून उचलावी. गडकिल्ल्यांची यादी करून त्यांच्या मधे गावे बसवू नयेत; जेथे रात्री चार माणसांना निवारा, पाणी आणि भाकरी मिळेल अशी गावे आधी निश्चित करावीत, आणि त्या गावांच्या मधे जे डोंगर, घाट, लेणी नि किल्ले येतील ते पाहावेत. पुढे जे सांगितले आहे ते सगळे याच एका गोष्टीच्या आधाराने आहे.

मराठवाड्यात अशा भटकंतीसाठी मला अजिंठ्याची रांग सर्वांत योग्य वाटते, आणि त्याचे कारण तिच्या घडणीत आहे. ही रांग पश्चिमेकडून पूर्वेकडे पसरलेली असून मराठवाड्याच्या पठाराची ती उत्तरेची कड आहे. दक्षिणेकडून, म्हणजे सिल्लोड किंवा कन्नडच्या बाजूने, मका, कापूस आणि ज्वारीच्या शिवारांतून चालत गेले तर चढ जाणवतही नाही. मग एकाएकी जमीन संपते, समोर काळ्या बसाल्टचे कडे खाली कोसळलेले दिसतात आणि त्यापलीकडे खानदेशचा सपाट मुलूख पसरलेला असतो. माथ्यावर पडलेल्या पावसाचे दक्षिणेकडे वाहणारे पाणी पूर्णेतून गोदावरीला मिळते, तर उत्तरेकडे उतरणारे पाणी वाघूरसारख्या नद्यांतून तापीला जाते. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील सोयगाव तालुक्याचा बराच भाग या कड्याच्या खाली आहे, म्हणजे एकाच जिल्ह्याची काही गावे माथ्यावर आणि काही पायथ्याला आहेत. वरच्या गावाची लेक खालच्या गावी दिलेली, खालचा बाजार वरच्या लोकांचा, एकाची गुरे दुसऱ्याच्या रानात, अशा व्यवहारांमुळे या दोहोंना जोडणाऱ्या घाटवाटा पिढ्यान्‌पिढ्या पायांखाली राहिल्या. त्या वाटा हौशी लोकांसाठी तयार झालेल्या नाहीत, आणि म्हणूनच त्या नेमक्या गावात नेऊन सोडतात. मात्र डांबरी रस्ते आणि काळी-पिवळी जीप आल्यापासून त्यांतील काहींवरची वर्दळ थांबली आहे, तेव्हा दहा वर्षांपूर्वी चाललेल्या माणसाने सांगितलेली वाट आज करवंदीने आणि घाणेरीने बुजलेली असू शकते, हे गृहीत धरावे.

हंगाम

सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीच्या अखेरपर्यंत चालता येते. त्यातही दिवाळीनंतरचे दोन महिने उत्तम. श्रावणात हे डोंगर अतिशय देखणे दिसतात, हे खरे, पण ज्याने काळ्या मातीच्या पांदणीतून पावसात चालून पाहिले आहे तो पुन्हा त्या वाटेला सहजी जात नाही: चपलेला किंवा बुटाला मातीचा असा लगदा चिकटतो की पाय उचलणे जड होते, आणि वरच्या माथ्यावर पाऊस झाला की कोरडा वाटणारा ओढा तासाभरात ओलांडण्यापलीकडे जातो. ऑक्टोबरात ऊन तापते आणि कुसळी गवत पिकलेले असते. त्याची कुसळे लोकरी मोज्यांत घुसली की दिवसभर टोचत राहतात, म्हणून या दिवसांत घट्ट विणीच्या सुती कापडाची पूर्ण विजार घालावी. डिसेंबर-जानेवारीत हवा कोरडी आणि स्वच्छ असते, रात्री चांगलीच थंडी पडते, आणि ज्वारी हुरड्यावर आलेली असेल तर एखाद्या आगटीभोवती बसण्याचे भाग्यही लाभते. मार्चपासून पुढे जाऊच नये. गवत वाळलेले असते, वणवे लागतात, ओढे आटतात आणि सावली देणारा सागही निष्पर्ण झालेला असतो.

निघण्याचा दिवस ठरवताना वाटेवरील गावांचे आठवडी बाजार कोणत्या वारी भरतात ते विचारून घ्यावे. बाजाराच्या दिवशी घाटवाटेवर आणि जीपमध्ये माणसे भेटतात, वाट विचारता येते, आणि भाजी, फरसाण, लिंबे असे सामान भरून घेता येते. पण त्याच दिवशी आसपासच्या लहान वाड्यांतील घरे दुपारपर्यंत कुलूपबंद असतात. कापूस वेचणीच्या दिवसांत तर कोणत्याही वारी गाव दिवसा रिकामेच असते. सगळे रानात असतात, आणि पाहुण्याचे आगत-स्वागत करायला सायंकाळी दिवेलागणीच्या सुमारासच कोणी तरी परतते.

मुक्कामाची सोय

ही सोय फोनवरून, निदान आठ-दहा दिवस आधी करावी. प्रत्येक गावात एक ओळख पुरते. ती सरपंचांची असेल, पोलीस पाटलांची असेल, जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांची असेल किंवा आपल्या कार्यालयातील एखाद्या सहकाऱ्याच्या मामाची असेल. मराठवाड्यात चार माणसांना विचारले की पाचव्याचे पाहुणे त्या गावात निघतातच. फोनवर बोलताना आपण कोण, कोठले, किती जण, त्यांत स्त्रिया किती, कोणत्या दिवशी किती वाजेपर्यंत पोहोचणार आणि कोणत्या गावाहून चालत येणार, हे सर्व स्पष्ट सांगावे. अनोळखी माणसे पाठीवर पिशव्या घेऊन डोंगरातून उतरताना दिसली की गावाला शंका येणे स्वाभाविक आहे, आणि ती आधीच दूर झालेली बरी. आधार कार्डाच्या झेरॉक्स सोबत ठेवाव्यात आणि पोहोचताच पोलीस पाटलांकडे एक प्रत स्वतःहून द्यावी. माणसे चार ते सहा असावीत. आठांपेक्षा अधिक झाली की कोणत्याही एका घरावर स्वयंपाकाचा भार पडतो, आणि मग यजमानाला होकार देऊन पस्तावल्यासारखे होते.

राहण्याच्या जागा साधारणपणे तीन. पहिली शाळेची पडवी किंवा एखादा वर्ग. ही जागा स्वच्छ असते, पाण्याची टाकी आणि स्वच्छतागृह जवळ असते, पण सकाळी मुले येण्याच्या आत ती झाडून मोकळी करून द्यावी लागते आणि परवानगी मुख्याध्यापकांची हवी, शिपायाची नव्हे. दुसरी मारुतीच्या किंवा विठ्ठलाच्या देवळाचा सभामंडप. तेथे झोपायचे असेल तर कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत पहाटे काकडा असतो हे लक्षात ठेवावे; टाळ वाजू लागण्यापूर्वी अंथरूण गुंडाळून बाजूला व्हावे, आणि जमल्यास काकड्याला बसावे, कारण त्या पहाटेच्या थंडीत म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून ऐकलेले अभंग मला इतर कोणत्याही आठवणीपेक्षा अधिक काळ पुरले आहेत. गावात हरिनाम सप्ताह चालू असेल तर जेवणाची चिंता नाही, पण झोपायला जागा मिळणार नाही, म्हणून तेही आधी विचारावे. तिसरी जागा म्हणजे घर. गटात स्त्रिया असतील तर त्यांच्यापुरती तरी घरातील सोय पाहावी. शौचास आणि अंघोळीस कोठे जायचे हे घरच्या बायकांनाच विचारावे, आणि त्यांच्याबरोबरच जावे.

लेण्यांत किंवा किल्ल्यावर मुक्काम करण्याचा विचार मनातून काढून टाकावा. घटोत्कच, पितळखोरे आणि अजिंठा ही लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत. तेथे रात्री राहणे, चूल पेटवणे, ड्रोन उडवणे हे सर्व निषिद्ध आहे. तसेच रांगेच्या पश्चिमेकडील गौताळा-औट्रमघाट अभयारण्य, जे 1986 साली जाहीर झाले आणि सुमारे 260 चौरस किलोमीटरचे आहे, त्यातून मनाला येईल तसे पायी फिरता येत नाही. तेथे वन विभागाच्या नाक्यावर नोंद करून, ठरलेल्या वाटेने आणि ठरलेल्या वेळेतच जावे. 2021 साली यवतमाळच्या टिपेश्वरहून चालत आलेला एक वाघ तेथे कॅमेऱ्यात टिपला गेला होता, आणि बिबट्या तर त्या रानाचा नेहमीचा रहिवासी आहे. ज्यांना पितळखोरे पाहायचे आहे त्यांनी तो दिवस स्वतंत्र ठेवावा. गावोगावीच्या मुक्कामांची माळ मात्र अभयारण्याबाहेर, पूर्वेकडे ओवावी.

आणखी एक गोष्ट विचारून ठेवावी: कोणत्या गावी मुक्कामी एसटी येते. रात्री गावातच थांबून सकाळी तालुक्याला निघणारी ही गाडी म्हणजे पाय मुरगळलेल्या, ताप आलेल्या किंवा कंटाळलेल्या सोबत्याला परत पाठवण्याची हमखास सोय आहे. पाच मुक्कामांपैकी निदान दोन गावे अशी असावीत.

पैसे आणि जेवण

घरच्या माणसाला जेवणानंतर "किती झाले?" असे विचारणे त्याला लागते, आणि पैसे न देता निघून जाणे आपल्याला लागले पाहिजे. दोन्ही टाळण्याचा मार्ग म्हणजे व्यवहार आधी, आणि तिसऱ्या माणसामार्फत ठरवणे. बहुतेक गावांत महिला बचत गट असतो. त्यांना दोन वेळचे जेवण आणि सकाळचा चहा यासाठी माणशी किती द्यायचे हे सरपंचांच्या किंवा गावातील आशा आरोग्य कार्यकर्तीच्या मध्यस्थीने ठरवावे आणि रक्कम स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या हाती द्यावी. जेथे कोणी पैसे घेणारच नाही, तेथे दुकानातून तेल, साखर, शेंगदाणे असा किराणा आणून ओसरीवर ठेवावा. शाळेत राहिल्यास वह्या किंवा क्रीडासाहित्य मुख्याध्यापकांकडे द्यावे. मुलांच्या घोळक्यात गोळ्या-चॉकलेटे उधळू नयेत, त्याने पुढच्या प्रत्येक वाटसरूपुढे हात पसरण्याची सवय लागते. घाटात आणि कड्याखालच्या वाड्यांत मोबाइलला रेंज नसते, म्हणून शंभर-दोनशेच्या नोटा आणि थोडी चिल्लर जवळ असावी.

जेवणात काय मिळेल याची आधीपासून फर्माईश करू नये; ज्वारीची भाकरी, पिठले, येसराची आमटी, ठेचा आणि कांदा हे माथ्यावरचे जेवण, तर कड्याखाली उतरताच खानदेशची चव लागते आणि कळण्याची भाकरी व वांग्याचे भरीत ताटात येते. एका दिवसाच्या चालीत चवीतला हा बदल अनुभवावा, असा माझा आग्रह आहे. दुपारचे जेवण मात्र सोबत असावे. त्यासाठी धपाटे आणि दशम्या यांच्याइतके शहाणपणाचे अन्न मला ठाऊक नाही: दुधात मळलेली दशमी दोन दिवस मऊ राहते, धपाट्याला सोबत काही लागत नाही, आणि दोन्ही उन्हात विटत नाहीत. शेंगदाण्याची कोरडी चटणी आणि गुळाचा खडा त्याबरोबर असला की पुरे.

वाट विचारणे

मराठवाड्यातील खेडुताला अंतर विचारले तर तो "हे काय, जवळच आहे" असे म्हणतो, कारण त्याच्या पायांना ते खरोखरच जवळ असते. म्हणून अंतर न विचारता वेळ विचारावी, आणि तीही अशी: "गुरे घेऊन गेलात तर किती वेळ लागतो?" गुरांची चाल आणि पाठीवर ओझे घेतलेल्या शहरी माणसाची चाल जवळजवळ सारखी असते. विचारायचे तेही गुराख्याला, सरपण आणणाऱ्या बाईला किंवा मेंढपाळाला. मोटरसायकलवरून जाणारा तरुण डांबरी रस्ताच सांगेल. "ही वाट तिकडेच जाते ना?" असा प्रश्न कधीही करू नये, कारण समोरचा माणूस सौजन्याने होकार देतो. "अमक्या गावाला कसे जायचे?" असे मोकळे विचारावे आणि त्याचा हात कोठे वळतो ते पाहावे. दोघांना वेगवेगळ्या ठिकाणी विचारून दोन्ही उत्तरे जुळली, तरच खिंडीत उतरावे.

शब्द समजून घ्यावेत. पांदण म्हणजे शेतांच्या मधला, दोन्ही बाजूंनी बांध किंवा कुंपण असलेला रस्ता; गाडवाट म्हणजे बैलगाडी जाते ती; सोंड म्हणजे माथ्यावरून उतरत गेलेली डोंगराची धार, आणि घळ म्हणजे दोन सोंडींच्या मधली खोल चीर. उतरताना वाट चुकलीच तर घळीत शिरू नये. एका जानेवारीत आम्ही चौघे सूर्य कलायला लागल्यावर घाईने एका घळीने उतरू लागलो, कारण खाली गावातील घरांचे पत्रे चमकताना दिसत होते. अर्ध्यावर वीस हातांचा कोरडा धबधबा लागला आणि तेवढेच परत चढून येईपर्यंत अंधार पडला. खालच्या गावातील दोन भाऊ विजेऱ्या घेऊन सोंडेवरून वर आले नसते, तर ती रात्र कड्यावर काढावी लागली असती. ते आले, कारण आम्ही सायंकाळी पाचची वेळ कळवली होती आणि आम्ही पोहोचलो नव्हतो. त्या दिवसापासून आमचा नियम असा आहे की दुपारी तीननंतर कोणताही घाट उतरायला सुरुवात करायची नाही, आणि पुढच्या गावाला पोहोचण्याची वेळ कळवल्याशिवाय मागचे गाव सोडायचे नाही.

भारतीय सर्वेक्षण विभागाचे 1:50,000 प्रमाणाचे नकाशे कागदावर छापून जवळ ठेवावेत. त्यांवर समोच्च रेषा, विहिरी, पायवाटा आणि जुनी देवळे दाखवलेली असतात आणि कड्याच्या जागी रेषा एकमेकींत मिसळलेल्या दिसतात. मोबाइलमधील नकाशा आधीच उतरवून घ्यावा. पण विहिरीची खूण म्हणजे पाण्याची खात्री नव्हे. दिवसाची चाल चौदा-पंधरा किलोमीटरांपलीकडे ठेवू नये. जुन्या भाषेत पाच कोस. त्यात गड चढायचा असेल तर दहा किलोमीटरही पुष्कळ होतात.

वाटेत भेटणाऱ्याला आधी नमस्कार, मग प्रश्न. गावात राम राम, माळकऱ्याला राम कृष्ण हरी, बौद्ध वस्तीवर जय भीम, मुसलमान घरी सलाम, बंजाऱ्यांच्या तांड्यावर जय सेवालाल. एवढे तोंडी असले की पुढचे बोलणे सोपे होते. वडीलधाऱ्यांना मामा, बाबा, मावशी, आणि तांड्यावर मुक्काम असेल तर प्रथम नाईकांना, म्हणजे तांड्याच्या प्रमुखांना, भेटावे. उभ्या पिकातून आडवे जाऊ नये, बांधानेच जावे. बोरे, सीताफळे, हरभऱ्याचे घाटे विचारल्याशिवाय तोडू नयेत. विचारले तर ओंजळभर मिळतात.

पाणी, ओझे आणि काळजी

माणशी तीन लिटर पाणी घेऊन गाव सोडावे. किल्ल्यांवरील टाक्यांचे पाणी दिसायला नितळ असले तरी त्यात गुरे, माकडे आणि वटवाघळे यांचा वावर असतो. उकळून किंवा क्लोरीनची गोळी टाकून, अर्धा तास थांबूनच ते प्यावे. फेब्रुवारीत माथ्यावरच्या गावांना स्वतःलाच पाण्याची ओढ लागू लागते, तेव्हा अंघोळीचा हट्ट धरू नये. उन्हाने थकवा आला तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ मिसळून घोट-घोट द्यावे. येथे चमचा म्हणजे चहाचा.

पाठीवरचे ओझे सात-आठ किलोंच्या आत असावे. मुक्काम गावात असल्याने तंबू, स्टोव्ह, भांडी यांची गरज नाही. एक सतरंजी, एक जाड चादर किंवा हलकी रजई, मच्छरदाणी, बॅटरी, शिटी, एक जादा कपड्यांचा जोड, आणि पायांत रुळलेले बूट. नवे बूट घेऊन निघणाऱ्याची गाठ दुसऱ्याच दिवशी फोडांशी पडते. उतारावर मुरमाचा घसारा असतो. हाती काठी असावी, आणि ती गावातूनच मागून घेतलेली बांबूची चांगली.

मच्छरदाणीचे कारण केवळ डास नाहीत. मण्यार ही विषारी सापाची जात रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणात चावते, दंशाच्या वेदनाही फारशा होत नाहीत; म्हणून शक्य तेथे बाज मागून घ्यावी, नाही तर मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली घट्ट खोचाव्यात. खडकाळ माळावर फुरसे हा दुसरा विषारी साप असतो; दगड उचलताना, कपारीत हात घालताना आणि पहाटे बूट घालताना पाहावे. दंश झालाच तर कापणे, चोखणे, करकचून बांधणे यांतले काहीही करू नये. हात किंवा पाय काठीच्या आधाराने स्थिर करून, माणसाला न चालवता, 108 ला फोन करून ग्रामीण रुग्णालयात न्यावे. सर्पविषावरील लस तेथे मिळते, मांत्रिकाकडे नाही.

आग्या मोहोळाचे भय सापापेक्षा अधिक आहे असे मला वाटते, कारण लेण्यांच्या आणि किल्ल्यांच्या कड्यांवर ती पोळी हमखास असतात. अत्तर, डिओ लावू नये, आरडाओरडा करू नये, विडी-सिगारेट पेटवू नये. वाळलेल्या गवतात काडी ओढणे तर डोंगर पेटवण्यासारखेच आहे. प्लास्टिकचा प्रत्येक कागद परत आणावा. गावातल्या उकिरड्यावर टाकलेला कागद गुरे खातात.

एक आखणी

वर सांगितलेले सगळे डोळ्यांपुढे ठेवून, पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी मी हा मार्ग सुचवतो. संभाजीनगर–जळगाव महामार्गावर सिल्लोडच्या पुढे गोळेगाव लागते. तेथून उंडणगावमार्गे अंभई गाठावे आणि अंभईहून शिवारातून चालत जंजाळ्यास जावे. पहिल्या दिवशी पाय मोकळे करण्यापुरतेच चालणे होते, आणि तेच योग्य. मुक्काम जंजाळा.

दुसऱ्या सकाळी गावापासून जवळच दरीच्या कुशीत असलेली घटोत्कच लेणी पाहावीत. वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याचा शिलालेख येथे आहे, आणि अजिंठ्याचे सोळावे लेणेही याच वराहदेवाने करविले. मुक्कामांचा हा मार्ग पुढे अजिंठ्यालाच संपतो, म्हणून येथे थोडा अधिक वेळ बसावे. एका मंत्र्याच्या दानाची दोन टोके आपण पायी जोडणार आहोत. त्यानंतर वैशागड, ज्याला जंजाळा किल्ला असेही म्हणतात. तो गावाच्या बाजूने पठाराला लागून असल्याने सपाटीवरूनच आत शिरता येते, तलाव, पडके महाल, मशीद पाहत पलीकडच्या टोकाला जावे आणि वेताळवाडीकडील दरवाज्यातून खाली उतरावे. मघाशी सांगितलेला तीन वाजण्याचा नियम येथे कसोशीने पाळावा, आणि जंजाळ्यातील एखादा जाणता माणूस मोबदला ठरवून सोबत घ्यावा. मुक्काम पायथ्याच्या वेताळवाडीत.

तिसरा दिवस वेताळवाडीच्या किल्ल्याचा. तटबंदी, बुरूज, दरवाजे आणि माथ्यावरची बारादरी अद्याप चांगल्या स्थितीत असलेला असा किल्ला मराठवाड्यात क्वचितच उरला आहे. बारादरीच्या कमानींतून कड्याची संपूर्ण ओळ आणि खालचा खानदेश एका नजरेत दिसतो. सकाळच्या उन्हातच चढावे, दुपारपर्यंत उतरून यावे, आणि ओढ्यांना पाणी असण्याच्या दिवसांत रुद्रेश्वर लेण्याकडे वळून मग सोयगावला यावे. सोयगाव तालुक्याचे गाव आहे. औषधे, एसटी, बाजार सर्व मिळते, आणि ज्याला थांबायचे असेल त्याने येथूनच परतावे.

चौथ्या दिवशी सोयगाव ते फर्दापूर हा टप्पा पायथ्याच्या गावांमधून जातो. त्यात डांबरी रस्ता बराच लागतो, आणि पाय दुखत असतील तर हा भाग बसने केला तरी काही बिघडत नाही. फर्दापूरला राहण्याची व्यवस्था सहज होते. पाचव्या दिवशी अजिंठा लेणी. ती सोमवारी बंद असतात, म्हणून निघण्याचा वार याच दिवसापासून मागे मोजत ठरवावा. या एका विसराने पूर्ण भटकंतीचा शेवट हुकलेला मी पाहिला आहे. फर्दापूरच्या फाट्यापासून लेण्यांपर्यंत सुमारे चार किलोमीटर असून खासगी गाड्यांना पुढे सोडत नाहीत, लेण्यांकडे जाणाऱ्या बस असतात. आत गेल्यावर सोळाव्या लेण्यात वराहदेवाची पुन्हा भेट घ्यावी. पायांत बळ उरले असेल तर वाघूरच्या पलीकडच्या बाजूने दृश्यबिंदूवर चढून जावे. 1819 साली इंग्रज अधिकारी जॉन स्मिथ याला लेणी दृष्टीस पडली ती या बाजूने, आणि नालाकृती कड्यात कोरलेली तीस लेणी एकत्र दिसतात तीही येथूनच.

दुसऱ्यांदा जाणाऱ्यांनी याच रांगेच्या मधल्या भागात, कन्नड तालुक्यातील नागापूरजवळचा अंतूर आणि बनोटीजवळच्या नायगावचा सुतोंडा यांच्या भोवतीची गावे धरून आखणी करावी. तेथे वस्ती विरळ आहे आणि पाण्याची तजवीज अधिक काटेकोर लागते. बालाघाटात मांजरसुंबा–कपिलधार आणि सौताड्याचा धबधबा यांच्या आसपास दोन-तीन दिवसांची सोपी चाल होते, आणि देवस्थानांमुळे मुक्कामाची अडचण येत नाही, म्हणून वयस्कर माणसांबरोबर मी तिकडेच जातो.

लेणी पाहून झाल्यावर फर्दापूरच्या फाट्यावर जळगाव आणि संभाजीनगर या दोन्ही बाजूंच्या एसटी मिळतात. जळगाव सुमारे साठ किलोमीटर, संभाजीनगर सुमारे शंभर. गाडीत बसण्यापूर्वी चारही गावांतील यजमानांना फोन करून आपण सुखरूप उतरलो असे कळवावे, आणि घरी गेल्यावर त्यांच्या घरच्यांची काढलेली छायाचित्रे कागदावर छापून टपालाने पाठवावीत.